एक मोजा, दोन विमे

सकाळी पावणेसातला खालच्या दाराचा खटका वाजतो, तोच माझा गजर. जर्मनीतल्या श्टुटगार्टमधल्या आमच्या घरमालकीणबाई तळमजल्यावर एकट्या राहतात, वय ८७. नर्सबाई छोट्या पांढऱ्या गाडीतून येते, दाराशेजारच्या नंबरच्या कुलपाच्या डबीतून किल्ली काढते आणि वीसेक मिनिटांत काम उरकून पुढच्या घरी पळते. रविवारीसुद्धा, नाताळातसुद्धा.

त्या वीस मिनिटांचे पैसे दोन खिशांतून येतात, हे कळायला मला वर्ष लागलं. इन्सुलिन टोचणं, पायांच्या शिरांसाठीचे ते घट्ट मोजे चढवणं हा उपचार. डॉक्टरने लिहून दिला की आरोग्य विमा पैसे भरतो. अंग पुसणं, कपडे घालणं ही देखभाल. तिचा हिशेब 'फ्लेगेकासे'कडे, म्हणजे देखभाल विम्याकडे. म्हणजे मोजा एका विम्याचा आणि त्यावरची पँट दुसऱ्याची!

हा देखभाल विमा इथे १९९५ पासून सक्तीचा आहे. माझ्या पगारातून २.४ टक्के कापतात. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे १.८, कारण त्याला एक मूल आहे. (मूल कधी होणार, हे विचारणाऱ्या मावश्यांची जागा इथे पगाराच्या स्लिपने घेतली आहे.)

मदत किती मिळणार ते घरी येऊन तपासतात आणि १ ते ५ पैकी श्रेणी देतात. आमच्या बाईंची २. २०२५ च्या दराने त्यांना महिन्याला ३४७ युरो रोख घेता येतात, किंवा नर्सिंग सेवा ७९६ युरोंपर्यंत, किंवा थोडं हे, थोडं ते. रोख रक्कम सांभाळणाऱ्या मुलीला, सुनेला द्यायची मुभा असते. 'तिकडचे म्हातारे सगळे वृद्धाश्रमात' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. २०२३ च्या अखेरीस देखभालीची गरज असलेल्या ५७ लाखांपैकी ८६ टक्के घरीच होते. पण विमा सगळा खर्च उचलत नाही, उचलायचा असं ठरलेलंच नाही. उरलेलं घरच्यांनी बघायचं. बाईंचा मुलगा हॅम्बुर्गला. त्यामुळे औषधं आणणं, बल्ब बदलणं आमच्याकडे आलंय.

एकदा बर्फामुळे नर्सबाईला उशीर झाला, तेव्हा मीच मोजे चढवायला बसले. पंधरा मिनिटं घाम गाळून एक टाचेपर्यंत पोचला. तेवढ्यात ती आली, हसली, पिशवीतून एक गुळगुळीत कापडी पिशवी काढून बाईंच्या पावलावर चढवली, तिच्यावरून मोजा सर्रकन वर ओढला आणि बोटांकडून कापड काढून घेतलं.

रात्री सांगलीला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. आईकडे ब्युरोची बाई येते, बारा तासांची, सगळे पैसे आमच्याच खिशातून. तेव्हा विम्याचं ऐकून ती हळहळेल असं वाटलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते कापड कितीला मिळतं गं? दिवाळीला येताना दोन आण. एक शेजारच्या काकूंना."