लग्न ठरलेल्या पोरींनो, रुबेलाचं बघितलंत का?

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय, घरात केळवणं, साड्या, हॉल हेच चालू आहे आणि मी तिच्या मागे लागलेय की बाई आधी रुबेलाची आयजीजी टेस्ट (रक्तात रुबेलाविरुद्धच्या अँटीबॉडीज, म्हणजे संरक्षण, आहे का ते बघणारी) करून घे. बाकीच्यांना वाटतं मावशीचं हे काय मधेच, पण मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं की इथेपण लिहितेच.

रुबेला म्हणजे जर्मन गोवर. मोठ्या बाईला झाला तर बारीक ताप, पुरळ, कानामागे गाठी, थोड्या दिवसात बरं, कित्येकदा तर कळतही नाही. पण तोच गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यात झाला तर व्हायरस वारेतून बाळापर्यंत जातो आणि मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष, कधीकधी गर्भपातच. हे लक्षात आलं ते 1941 साली ऑस्ट्रेलियात, नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांना. जन्मतः मोतीबिंदू असलेली एवढी बाळं का येतायत म्हणून आयांकडे चौकशी केली तर बहुतेकींना दिवस गेल्यावर सुरुवातीलाच रुबेला होऊन गेलेला.

आता आपल्याकडचं बघा. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाली, शाळाशाळांत, 9 महिने ते 15 वर्षांच्या आतल्या मुलामुलींसाठी. म्हणजे तेव्हा ज्या पोरी पंधराच्या पुढे होत्या त्या राहिल्याच ना! आज लग्न करतायत, आई होतायत त्यातल्या बऱ्याच जणी याच. कुणाला लहानपणी खाजगी डॉक्टरांनी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) दिली असेल, कुणाला रुबेला होऊन गेला असेल, पण नुसत्या आठवणीवर कसं ठरवणार, लसीचं कार्ड तरी कुणाकडे सापडतं?

टेस्ट साध्या रक्ताची आहे. आयजीजी पॉझिटिव्ह आलं की घाबरू नका हो, त्याचा अर्थ साधारणपणे शरीरात संरक्षण आहे असाच असतो, दिवस जायच्या आधी केली असेल तर ती चांगलीच बातमी. निगेटिव्ह आलं तर डॉक्टरांना विचारून एमएमआर घ्यायची आणि त्यानंतर निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, कारण लस जिवंत विषाणूची असते, फक्त कमजोर केलेला. म्हणूनच म्हणते लग्नाआधी करा, वेळ हातात असतो.

आणि ज्या आत्ताच गरोदर आहेत आणि निगेटिव्ह आलंय, त्यांनी लस आत्ता घ्यायची नाही, पुरळ-तापवाल्या माणसांपासून लांब राहायचं आणि डिलिव्हरी झाल्यावर लगेच घ्यायची, बाळाला अंगावर पाजत असलात तरी चालते.