त्या चार फळ्या

“तेवढ्या चार फळ्यांना रंधा लावू नको.”

सकाळपासून बाजेवर गप्प बसलेले आण्णा एकदम बोलले.

अंगणात लिंबाखाली आमची जुनी टेल्को ट्रक उघडी पडलीय. बोनेटवर तारा नाही, ‘टी’ आहे. म्हणजे मर्सिडीजशी १९५४ला झालेला करार १९६९ला संपला, त्यानंतरची गाडी. इंजिन उतरवलं, गंज घासला, पाटे काढले. आण्णांनी कशालाच हरकत घेतली नाही. (फाळक्याच्या रंगावरून माझं आणि भावाचं भांडण चालूय, ते वेगळं.)

हौद्यातल्या त्या फळ्यांवर लांबच लांब, सरळ चरे. मला वाटलं, सळयांचे असतील.

“पत्र्यांचे हायेत. किल्लारीचे.”

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची ती भूकंपाची पहाट. त्यानंतर कितीतरी दिवस आण्णा शेडसाठी पत्रे वाहत होते. जाताना पत्रे. येताना काय, ते त्यांनी आजही सांगितलं नाही. चहा गार झाला तरी चऱ्यांवरून बोट फिरवत बसले.

नवं सागवान आणून ठेवलंय, पैसेही देऊन झालेत. सुतार म्हणतो, जुन्या फळ्या आतून पोखरल्यात, वजन धरणार नाहीत.

उद्या सकाळी तो परत येतोय. काय सांगू त्याला?