तुम्ही विचारलंत म्हणून : खालचं बीपी म्हणजे काय?

"बाई, वरचं बरं हाय म्हणालेत, पर खालचं वाढलंय म्हणालेत. खालचं म्हंजे काय ओ?"

हा प्रश्न लोकांनी मला निपाणीच्या बाजारात विचारलाय, चिकोडीच्या बसस्टँडवर विचारलाय, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून विचारलाय. नर्सची नोकरी सरली, पण बीपीचं मशीन घरात राहिलं, त्यामुळं दिवेलागणीला गल्लीतलं कुणी ना कुणी दंड पुढं करून ओट्यावर बसतंच. वरच्या आकड्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. तो मोठा, म्हणून तोच खरा, अशी समजूत. खालचा म्हणजे उरलासुरला. मला विचाराल तर गोष्ट उलटी आहे. आपल्या शरीराचा जास्त वेळ खालच्या आकड्याच्या जवळपास जातो, आणि हृदयाला स्वतःसाठी रक्त मिळतं तेही मुख्यतः त्याच वेळात. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

हृदय हा चार कप्प्यांचा स्नायू. मोठ्या माणसात त्याचं वजन २५० ते ३५० ग्रॅमच्या दरम्यान. उजवी बाजू अंगभर फिरून आलेलं रक्त फुप्फुसांकडं पाठवते, डावी बाजू फुप्फुसांतून आलेलं ताजं रक्त डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. दोन्ही बाजू सारखंच रक्त ढकलतात, पण फुप्फुसांची वाट जवळची आणि सैल. तिथं २५ चा दाब पुरतो (बीपीचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात). डाव्या बाजूला १२० लागतो. म्हणून डाव्या निलयाची, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची, भिंत उजव्याच्या दुपटीहून जाड असते. आपण दंडाला पट्टा बांधून जे मोजतो ते या डाव्या बाजूच्या कामाचं माप.

एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर ५ लिटरच्या घरात जातं. अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच. म्हणजे तुम्ही खुर्चीत बसून चहा पीत असताना दर मिनिटाला अख्खं रक्त एक फेरी मारून येतं.

आता मुद्द्याचं. हृदय जन्मापासून एक क्षणही विसावा घेत नाही, असं आपण कीर्तनातही ऐकतो आणि भाषणातही. ते खरं नाही. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले साधारण ०.३ सेकंद निलय आकसतं आणि ०.५ सेकंद सैल पडून भरत असतं. हिशेब केला तर दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ ते सैलच आहे. आणि सैल पडलेल्या डाव्या निलयातला दाब किती? जवळजवळ शून्य, पाच-दहा म्हणा. मग त्याच वेळी दंडाच्या धमनीत खालचा आकडा ८० कुठून येतो?

यासाठी पेटीकडं बघा. आमच्या भागात भजनी मंडळ नाही असं गाव सापडायचं नाही, आणि बेळगावला तर पेटीचा विशेष मान. पंडित रामभाऊ विजापुरे बेळगावचेच. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भाता पुढं ढकलतो आणि मागं येतो. हात मागं येताना हवा काही आत ढकलली जात नसते, तरी सूर तुटत नाही. कारण पेटीच्या पोटात स्प्रिंगनं दाबून धरलेला दुसरा भाता असतो. बाहेरच्या भात्यानं लोटलेली हवा तो साठवतो आणि बाहेरचा हात मोकळा असताना ती सुरांच्या पट्ट्यांकडं सोडत राहतो. मधल्या झडपेमुळं हवा उलटी येत नाही. हृदयातून निघणारी महाधमनी नेमकं हेच करते. ठोका पडला की तिची लवचीक भिंत ताणली जाते आणि आलेल्या रक्तातला बराचसा भाग पोटात घेते. निलय सैल पडलं की मधली झडप मिटते; छातीला नळी लावल्यावर ऐकू येणारा दुसरा आवाज तो हाच. मग ताणलेली भिंत आपल्या जागी परतू लागते आणि रक्त पुढं रेटत राहते. पुढचा ठोका पडण्याआधी हा दाब उतरत उतरत जिथवर येतो, तो खालचा आकडा. वरचा आकडा एका क्षणाचा असतो, ठोक्याच्या माथ्यावरचा.

म्हणूनच डॉक्टर सरासरी दाब काढतात तेव्हा दोन्ही आकडे मिळवून निम्मे करत नाहीत. खालच्या आकड्यात दोघांमधल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवतात. १२०/८० असेल तर सरासरी १०० नाही, ९३. विसाव्याचा वेळ जास्त, म्हणून पारडं खालच्याकडं झुकतं.

हृदयाच्या स्वतःच्या रक्ताची गोष्ट मला सगळ्यात आवडते. निलयात पोटभर रक्त असून हृदयाच्या जाड भिंतीला ते आतून मिळत नाही; तिला बाहेरून, आपल्या वेगळ्या धमन्यांतूनच घ्यावं लागतं. या दोन धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर फुटतात. पण निलय आकसतं तेव्हा भिंतीत शिरलेल्या त्याच्या बारीक वाहिन्याही त्या आकसण्यात दाबल्या जातात. अंगभर रक्त पाठवण्याच्या त्या क्षणी डाव्या निलयाला स्वतःला फारसं काही मिळत नाही. ते सैल पडलं, की मग मिळतं. आणि त्या वेळी रक्ताला आत रेटणारा दाब कुठला, तर हा तुमचा खालचा. नाडी वाढली की कामाचा वेळ थोडासाच कमी होतो, विसाव्याचा मात्र बराच कमी होतो. त्यात हृदयाचा स्नायू आपण शांत बसलेले असतानाही मिळालेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतो. जास्त लागला तर त्याच रक्तातून आणखी पिळून काढायला फारसं उरतच नाही. रक्तच जास्त यावं लागतं. ज्याच्या या धमन्या आत चरबी साठून अरुंद झाल्यात, त्याला घरात बसून काही वाटत नाही, पण येळ्ळूरच्या गडाची चढण लागली की छाती धरून थांबावं लागतं, ते यामुळं. वयस्क माणसाला हृदयाचा त्रास असेल तर खालचा आकडा फार उतरवायला डॉक्टर बिचकतात, तेही यामुळंच. शेजारणीची गोळी मागून घेणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

मग खालचं वाढतं कशानं? मोठ्या धमन्या फाटे फुटत फुटत बारीक होत जातात आणि शेवटच्या टप्प्यावर त्यांच्या भिंतीत स्नायूचं कडं असतं. कुठल्या अवयवाला किती रक्त सोडायचं ते या कड्यांच्या हातात. कडी आवळली की महाधमनीतलं रक्त पुढं निसटायला वेळ लागतो, आणि पुढचा ठोका येईपर्यंत आत जास्तच रक्त शिल्लक राहतं. वाहिनी थोडीशी आवळली तरी परिणाम मोठा होतो: व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाखाली वाहणारं रक्त निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा होतं. तिशी-चाळिशीतल्या माणसाचं फक्त खालचं वाढलेलं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा गोम या बारीक वाहिन्यांत असते. वजन, मीठ, झोप, ताण, दारू, आणि आमच्याकडं तंबाखू.

निपाणीत तंबाखूबद्दल बोलायचं म्हणजे अवघड. वखारींवर आणि विड्यांवर घरं चाललीत, पोरं शिकलीत. मी कुणाला उपदेश करत नाही. पण मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका मला सांगतात, "आमी कुठं वडताव? नुसती मशेरी लावताव." मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीवाटे निकोटीन सरळ रक्तात उतरतं, नाडी वाढवतं आणि ती कडी आवळतं. मशेरी लावून लगेच आलेल्या बाईचं बीपी मी लिहूनच घेत नाही. अर्धा तास बसवते, गप्पा मारते, मग पट्टा बांधते.

म्हाताऱ्यांचं गणित वेगळं. एक आजोबा खुशीत आले होते: "वरचं १७० हाय, पर खालचं ७० च हाय. म्हंजे निम्मं तरी चांगलंच की!" मला हसू आलं आणि काळजीही वाटली. वय वाढतं तशी महाधमनीची भिंत ताठर होत जाते. ताणली जात नाही, म्हणून ठोका पडला की दाब उसळतो. परतत नाही, म्हणून ठोका संपला की दाब धरून ठेवणारं कुणी नाही. पन्नाशी-साठीपर्यंत खालचा आकडा चढत जातो, त्यानंतर तो उतरायला लागतो आणि वरचा चढतच राहतो. म्हणजे उतारवयात खालचा आकडा आपोआप कमी झाला म्हणून पेढे वाटायचं कारण नाही. दोघांमधलं अंतर जेवढं मोठं, तेवढी धमनी ताठ. आजोबांना मी दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडं पाठवलं.

हे आकडे माणसाला मिळाले कसे, तेही थोडक्यात. १७३३ साली इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्यानं घोडीच्या मांडीतल्या धमनीला काचेची लांब नळी जोडल्याचं छापून आणलं. नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढलं. माणसाच्या १२० ला पाऱ्याऐवजी रक्तात मोजलं तर तेही पाच फुटांच्या आसपास जाईल. घोडीला जे चाललं ते माणसाला कसं चालावं? १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून, मनगटाची नाडी कधी लागते ते बोटानं चाचपून दाब मोजला. पण त्यात वरचाच आकडा मिळे. १९०५ मध्ये रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याच्या खाली नळी लावून ऐकायची रीत सांगितली, आणि दोन्ही आकडे हाती आले. पट्टा पुरता आवळला की धमनी बंद, आवाज नाही. हवा सोडत गेलं की एका क्षणी प्रत्येक ठोक्याला थोडं थोडं रक्त फटीतून उसळतं आणि टकटक ऐकू येते, तो वरचा. आवाज पूर्ण नाहीसा होतो, म्हणजे धमनी आता विसाव्यातही दबत नाही आणि रक्त सुरळीत वाहतंय, तो खालचा. निरोगी वाहतं रक्त आवाज करत नाही. हल्लीची डिजिटल मशीनं ऐकत नाहीत, पट्ट्यातल्या हवेची थरथर ओळखून हिशेब करतात. पारा विषारी म्हणून जुनी मशीनं मागं पडली, ते योग्यच झालं. तरी मला कानानं ऐकलेला आकडाच जास्त जवळचा वाटतो.

वडगाव-शहापूरकडचे यंत्रमागावर दिवसभर उभे राहणारे लोक पोटरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा दाखवून "हे बीपीमुळं काय?" म्हणून विचारतात. नाही. बीपी धमन्यांचं, या शिरा परतीच्या वाटेवरच्या. अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त कुठल्याही वेळी शिरांतच असतं आणि तिथं दाब फार कमी. पायातून वर यायला त्याला पोटरीच्या स्नायूंचा रेटा आणि शिरांमधल्या झडपा लागतात. पाय न हलवता उभं राहिलं की रक्त साचतं, वर्षानुवर्षं साचलं की झडपा निकामी होतात. अधूनमधून चाला, टाचा उचला, रात्री पाय उशीवर ठेवा.

आता मोजायचं कसं. जिना चढून आल्या आल्या नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा. पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नको. लघवी तुंबवून बसू नका. चहा, विडी, मशेरी, सगळं अर्धा तास आधी बंद. पट्टा उघड्या दंडावर, आणि दंड हृदयाच्या उंचीला. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबत राहिला तर आकडा सात-आठनं जास्त दिसतो, तोही दोन्हीकडं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी जास्त दिसतो. मोजताना बोलू नका. आमच्या गल्लीत हे सगळ्यात कठीण. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांत बघा, ज्यात जास्त येईल तोच पुढं धरा. मिनिटाभरानं पुन्हा एकदा बघा. आणि कागदावर दोन्ही आकडे लिहा, शेजारी नाडी आणि वेळ. निम्मे लोक "१४० आलंय" एवढंच घेऊन डॉक्टरांसमोर बसतात, आणि मग डॉक्टर विचारतात, "खालचं किती?"