टर्मिनलवरून फोटोंचे अल्बम: आधी घोळ, मग सिगल

सगळं सुरू झालं टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, दिलेल्या एका कमांडने. रात्री उशिरा, मूळ फोटोंच्याच फोल्डरमध्ये बसून मी इमेजमॅजिक या फोटोंवर काम करणाऱ्या टूलचं मॉग्रिफाय चालवलं: रुंदी १६००, सगळ्या जेपीजी फाइल्स. हवं होतं एवढंच, की साइटवर टाकायला लहान प्रती मिळाव्यात. पण मॉग्रिफाय प्रती काढत नाही, आहे त्याच फाइलवर लिहितं. वेगळ्या फोल्डरात लिहायचं तर त्याला पाथ, म्हणजे त्या फोल्डरचा पत्ता, द्यावा लागतो, आणि तो मी दिला नव्हता. दोन-तीन मिनिटांत ६००० पिक्सेल रुंदीचे फोटो १६०० वर आले. ‘नक्की करू ना?’ असं कुणी विचारलंही नाही.

बॅकअप होता, पण तीन आठवड्यांपूर्वीचा. मधले १४० फोटो गेले ते गेलेच. कॅमेऱ्याचं कार्ड मी आदल्याच दिवशी फॉरमॅट केलं होतं. (हो, त्याच आठवड्यात. माझं टायमिंग नेहमीच असं असतं.)

तोपर्यंत माझी साइट हाताने लिहिलेल्या एचटीएमएलवर, म्हणजे वेबपानाच्या साध्या कोडवर, चालली होती. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, नुसत्या फाइल्स. म्हणून ती वर्षानुवर्षं न बघताही चालते, आणि ते मला सोडायचं नव्हतं. पण प्रत्येक फोटोसाठी एक ओळ, त्याची लहान प्रत, मागचा-पुढचा दुवा हे हाताने करणं तीस फोटोंपर्यंत ठीक असतं. माझ्याकडे २००० च्या वर होते.

मग सिगल घेतलं. पायथॉनमध्ये लिहिलेलं, टर्मिनलवरून चालणारं टूल. सिगल इनिट म्हटलं की एक सेटिंगची फाइल तयार होते, सिगल बिल्ड म्हटलं की फोल्डरांची रचना पाहून अल्बमची पानं बनतात, आणि सिगल सर्व्ह म्हटलं की ती आपल्याच मशीनवर ब्राउझरमध्ये बघता येतात. फोल्डर म्हणजे अल्बम, आतलं फोल्डर म्हणजे अल्बममधला अल्बम. मूळ फोटो एकीकडे, बनलेली साइट दुसरीकडे. मॉग्रिफायने पोळलेल्या माणसाला हे वाचूनच बरं वाटलं. लगेच मूळ फोल्डरची लिहिण्याची परवानगी काढून टाकली; टूल चांगलं आहे, भरवसा माझ्यावरच नव्हता.

पहिलं बिल्ड झालं आणि फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसले. आकार ठरवणारी सेटिंग ६४० बाय ४८० वर होती. ती १६०० बाय १२०० केली, पुन्हा बिल्ड म्हटलं, काम क्षणात संपलं. इतक्या लवकर? पान उघडलं तर फोटो तेवढेच. सेटिंगचं नाव चुकलं का, फाइल भलतीच उघडली का, यात अर्धा तास घालवला. कारण साधं होतं: जी प्रत आधीच बनलेली आहे तिला सिगल पुन्हा हात लावत नाही. म्हणूनच तर नवा अल्बम घातल्यावर ते भरभर चालतं. सगळं नव्याने करायचं असेल तर बिल्डच्या पुढे डॅश-एफ (-f) जोडायचं. दिलं, पंखा घोंघावला, वीस मिनिटांनी फोटो मोठे झाले.

खरी मजा फोटोंच्या क्रमात होती. एका सहलीचे फोटो दोन ठिकाणचे होते, काही माझ्या कॅमेऱ्याचे, काही भावाच्या फोनचे. क्रम फाइलच्या नावावरून लागत होता, त्यामुळे आधी कॅमेऱ्याचे सगळे आणि मग फोनचे सगळे. म्हणजे आम्ही संध्याकाळी परतून पुन्हा सकाळी निघाल्यासारखं दिसत होतं. सेटिंगमध्ये नावाऐवजी तारीख लिहिली. आता फोटो मिसळले, पण बोट सुटल्याचा फोटो आम्ही तिकीट काढत असल्याच्या आधी!

कॅमेऱ्याचं घड्याळ मागे होतं. किती मागे हे कळायला दोन्हीकडे टिपलेला एकच क्षण हवा होता. शोधता शोधता सापडला: बोटीची दोरी सोडणारा खलाशी, त्याचा हात हवेत. फोनच्या फोटोवर १४:०७, कॅमेऱ्याच्या फोटोवर १२:५५. फरक एक तास बारा मिनिटं. एक्झिफटूलला (फोटोच्या फाइलमधल्या तारीख-जागेसारख्या नोंदी वाचणारं-बदलणारं टूल) सांगितलं की या फोल्डरातल्या कॅमेऱ्याच्या फोटोंच्या सगळ्या तारखा तेवढ्या पुढे सरकव. (परवानगी तेवढ्यापुरती परत दिली.) एक्झिफटूल चित्राला हात लावत नाही, फक्त आतली नोंद बदलतं, आणि तरीही जुनी फाइल ‘ओरिजिनल’ असं शेपूट लावून शेजारी ठेवतं. मॉग्रिफायच्या लेखकांना हे का सुचलं नाही, कोण जाणे. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंना मात्र आतली तारीखच नव्हती. ती वाटेत गळून पडते. त्या २३ फोटोंच्या वेळा भावाला विचारून हाताने भरल्या.

फोटोंखालच्या ओळी लिहिणं मला वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं. फोल्डरमध्ये इंडेक्स नावाची एक मार्कडाउन फाइल (साध्या खुणांनी सजवलेला मजकूर) ठेवली की अल्बमला शीर्षक, वर्णन आणि मुखपृष्ठाचा फोटो मिळतो. फोटोच्याच नावाची मार्कडाउन फाइल शेजारी ठेवली की त्या फोटोखाली ओळ येते. साधा मजकूर असल्यामुळे हे सगळं गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या टूलमध्ये, ठेवलं. फोटो मात्र गिटमध्ये नाहीत: एकदा आत गेलेला जड फोटो नंतर काढला तरी इतिहासात बसून राहतो.

मग मावशीने विचारलं, छापायला मोठा फोटो मिळेल का? मूळ फाइल सोबत ठेवण्याची सेटिंग आहेच, ती चालू केली. दुसऱ्या दिवशी सहज एका मूळ फोटोवर एक्झिफटूल चालवून बघितलं आणि अक्षांश-रेखांश दिसले. आमच्या घराचे. लहान केलेल्या प्रतींमध्ये सिगल ही माहिती आपणहून नेत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. पण मूळ फाइल म्हणजे मूळ फाइल, सगळ्या नोंदींसकट. सेटिंग बंद केली, सर्व्हरवरच्या मूळ फाइल्स पुसल्या आणि मावशीला हवे होते ते चार फोटो ईमेलने पाठवले.

शेवटचा टप्पा म्हणजे सर्व्हरवर चढवणं. मूळ फोल्डरमधून फोटो काढून टाकला तरी आधी बनलेली त्याची प्रत बिल्डमध्ये पडून राहते, म्हणून मी बिल्डचं फोल्डर पुसून नव्याने बनवते आणि आरसिंक (फोल्डर सर्व्हरवरच्या फोल्डरशी जुळवून पाठवणारं टूल) डिलीटसह चालवते, म्हणजे इथे नाही ते तिथूनही पुसलं जातं. तेही आधी डॅश-एन (-n) लावून, म्हणजे काय होईल ते दिसतं पण होत काही नाही. पहिल्याच वेळी पडद्यावर फाइलींची नावं धावू लागली, शेकड्यांनी, अख्खी साइट, आणि प्रत्येक नावाआधी बिल्ड फोल्डरचं नाव. बिल्ड फोल्डरच्या नावाच्या शेवटची तिरकी रेघ मी विसरले होते. रेघ नसेल तर आरसिंक आतला माल न नेता फोल्डरच उचलून नेतं, आणि जुनी साइट तशीच राहून तिच्या आत नवी जाऊन बसते. रेघ घातली, पुन्हा डॅश-एन. या वेळी ‘डिलीटिंग’च्या दोनच ओळी आल्या, आणि ते दोन्ही फोटो मीच काढलेले होते. मग एन काढलं आणि एंटर दाबलं.