खिडकीच्या बगलेतला गिलावा अखेर वळला

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आजोळच्या जुन्या घराचं मॉडेल मी रेव्हिट या इमारतींची मॉडेलं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. खिडकीपाशी भिंतीचा गिलावा बगलेत, म्हणजे ओपनिंगच्या कडेला दिसणाऱ्या भिंतीच्या जाडीत, वळत नव्हता; तिथं अडकलेलं काम काल रात्री सुटलं. प्लॅनमध्ये (आडव्या छेदात) बाहेरचा गिलावा कोपऱ्यावर वळून चौकटीला जाऊन टेकला. आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "ही सोप्यातली खिडकी दिसतीय की!" तीन आठवड्यांचा शीण तिथंच उतरला.

भिंत अशी आहे: मध्ये दीड फूट विटांचं बांधकाम, दोन्ही अंगांना चुन्याचा गिलावा, बाहेर २५ मिमी, आत २०. भिंतीच्या टाइपमध्ये दारं-खिडक्यांपाशी थर वळवायचं 'रॅपिंग ॲट इन्सर्ट्स' हे सेटिंग 'बोथ' (दोन्ही अंगांना) केलेलं, गिलाव्याच्या दोन्ही थरांना 'रॅप्स'ची खूण, कोअरच्या (मधल्या विटांच्या गाभ्याच्या) हद्दी जागच्या जागी. तरी ओपनिंगपाशी गिलावा सरळ कापल्यासारखा थांबायचा आणि बगलेत उघड्या विटा दिसायच्या. भिंत तीनदा नव्यानं बनवली. दोष भिंतीत नव्हताच, खिडकीच्या फॅमिलीत, म्हणजे रेव्हिटमधल्या तिच्या साच्यात होता. थर कुठपर्यंत वळवायचा हे फॅमिलीतला रेफरन्स प्लेन (आखणीसाठी घेतलेलं प्रतल) सांगतो, आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'वॉल क्लोजर'ला खूण लागते. मी आयती उतरवून घेतलेली फॅमिली वापरत होतो, तिच्यात एकाही प्लेनला ती खूण नव्हती. भिंतीला समांतर असा नवा प्लेन चौकटीच्या मागच्या कडेला घेतला, खूण केली, फॅमिली परत लोड केली, झालं. जुन्या घरासाठी आयत्या फॅमिलीच्या नादी लागू नये, स्वतःच बांधावी, असं माझं आता ठाम मत आहे.

मग सेक्शन (उभा छेद) काढला, आणि माथ्याला नि सिलला, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेला, विटा उघड्याच! रेव्हिटमध्ये थर वळतात ते फक्त प्लॅनमध्ये. उभ्या छेदात ते काम आपलं आपणच करायचं. म्हणून फॅमिलीतच ओपनिंगच्या आतल्या अंगानं गिलाव्याचा स्वीप (ठरावीक मार्गावरून फिरवलेला पट्टा) फिरवला, जाडी आणि मटेरियल दोन्ही पॅरामीटरवर, म्हणजे नंतर बदलता येतील असं, ठेवलं. आता बगलेतही स्वीपच आहे, तेव्हा या खिडक्यांचं 'वॉल क्लोजर' 'नीदर' (कुठल्याच अंगाला नाही) केलं, नाहीतर गिलावा दुहेरी होतो. भिंतीच्या थराची जाडी फॅमिलीला आपोआप कळत नाही, ती हातानं भरावी लागते. भिंत आणि स्वीप यांच्यामध्ये एक रेषही राहते. सबकॅटेगरी (रेषेची जाडी ठरवायला वेगळा उपगट) देऊन ती बारीक केली, पण पूर्ण गेलेली नाही. दारांना मात्र वळलेला थरच ठेवलाय, त्यांचे सेक्शन मला लागणार नाहीत.

मोजमापाचं एक सांगतो. आतल्या बाजूला बगला तिरक्या उघडतात. तिथं लेसर मीटर धरला की दर खेपेला आकडा वेगळा. शेवटी लाकडी पट्टी, गुण्या आणि ओळंबा घेऊनच मापं जुळली. लेसर खोलीच्या लांबी-रुंदीला उत्तम, बगलेत नको.

पुढचा बेत खिडकीच्या वरच्या लाकडी तुळवीचा होता. पण सेक्शन बघता बघता ध्यानात आलं की गिलावा वरपासून खालपर्यंत एकच नाही. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी सिलच्या वर चढलं होतं. नंतर मामांनी भिजलेला चुना खरवडून तेवढ्या उंचीला सिमेंट लावलं. आता ओल आत कोंडते आणि सिमेंटच्या वर, चुन्यात लोणा फुटतोय. मॉडेलमध्ये हे दिसलंच पाहिजे, कारण दुरुस्ती ठरणार आहे ती त्यावरूनच. भिंतीच्या थराला 'स्प्लिट रीजन'नं त्या उंचीवर तोडता येईल. अडचण स्वीपची: तो एकसंध आहे, म्हणून बगलेचे खालचा आणि वरचा असे दोन तुकडे करून उंचीचा आणखी एक पॅरामीटर द्यावा लागेल. तुळवी थांबू दे.

रविवारी ओळंबा आणि पट्टी घेऊन मामांकडे जातोय. सिमेंट कुठल्या खिडकीपाशी नेमकं किती उंचीवर संपतं, ते एकेक करून मोजायचंय.