बुकप्लेट पुस्तकातून सोडवायची कशी?

जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मालकाच्या नावाची, कुलचिन्हाची सुंदर छापील चिठ्ठी, म्हणजे बुकप्लेट, दिसली की नवा संग्राहक हमखास विचारतो, "ही सोडवू कशी?" पुस्तक धड असेल तर सोडवूच नका. हे पुस्तक कोणाच्या कपाटात होतं, याचा तो पुरावा आहे आणि प्लेट निघाली की तो दोन्हीकडून जातो. १८९१ साली लंडनमध्ये बुकप्लेट संग्राहकांची एक्स लिब्रिस सोसायटी स्थापन झाली, त्या काळातल्या हौसेपायी कितीतरी पुस्तकं अशी उघडी पडली. बाजारात सुट्या प्लेट मुबलक मिळतात, संग्रह त्यांचा करावा.

पुठ्ठा सुटलेला, पानं वाळवीनं खाल्लेली, असं पुस्तक असेल तरच हात घाला. त्याआधी पूर्ण पुठ्ठ्याचा फोटो घ्या आणि पुस्तकाचं नाव, आवृत्ती, वर्ष लिहून ठेवा. मग ओलसर कापसाच्या काडीनं प्लेटवरच्या प्रत्येक रंगाची आणि शाईची एका कोपऱ्यात परीक्षा करा. ताम्रपटाची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून केलेल्या छपाईची, तेलकट शाई टिकते. हातानं भरलेला रंग, जांभळा शिक्का किंवा सही मात्र पसरू शकते आणि तसं झालं तर तिथेच थांबायचं. चकचकीत आर्ट पेपरलाही पाणी लावू नका, त्याचा मातीचा लेप चिकट होऊन सगळं हातात येतं.

जुन्या प्लेट बहुधा पिठाच्या खळीनं किंवा सरसानं लावलेल्या असतात. त्यासाठी ४ ग्रॅम मिथाइल सेल्युलोज (पाण्यात जेली होणारी भुकटी) आधी थोडंसंच गरम पाणी घेऊन त्यात भिजवा, थंड पाणी घालून एकूण १०० मिली करा आणि रात्रभर ठेवा. प्लेटवर पातळ जपानी कागद, त्यावर या जेलीचा तीनेक मिलिमीटर थर, वरून पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचा तुकडा. १५–२० मिनिटांनी कोपरा सुटतो का पाहा. बोथट, पातळ पातं पुठ्ठ्याला जवळजवळ समांतर सरकवा. अडलं तर ओढू नका, जेली पुन्हा लावा. किटलीची वाफ देऊ नका, त्यानं पुठ्ठा फुगतो आणि चामडं काळवंडतं.

निघालेली प्लेट टीपकागदांमध्ये हलक्या वजनाखाली वाळवा, पहिला टीपकागद अर्ध्या तासानं बदला. इथे घाईनं जड वजन ठेवलं की ताम्रपटाच्या कडेनं कागदावर उमटलेली खोलगट चौकट सपाट होते. ती चौकट हीच अस्सलपणाची मोठी खूण!

अस्सल कशी ओळखायची? दहापट भिंगाखाली ताम्रपटाच्या रेषेची शाई कागदावर किंचित उठलेली दिसते. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती फोटोवरून केलेली छपाई. जुन्या ताम्रपटावरून नंतर काढलेल्या प्रती जास्त फसव्या असतात, कारण ताम्रपट खरा, छाप उशिराची. तेव्हा कागद पाहा. जाळीच्या रेषा नसलेला वोव्ह कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात आला. १७२० च्या शैलीची प्लेट त्यावर असेल तर ती नंतरच छापली आहे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा. ब्रिटिश म्युझियममधला सर ऑगस्टस फ्रँक्स यांचा पस्तीस हजारांहून मोठा संग्रह आणि त्याची १९०३–०४ ची छापील यादी ताडून पाहायला फार उपयोगी आहे.

चित्रकारानं छपाईआधी काढलेल्या मूळ आराखड्यांना मी छापील प्लेटपेक्षाही जास्त मानतो, कारण त्यात चित्रकाराचा विचार बदलताना दिसतो. लाइन ब्लॉकसाठीचं (रेषाचित्राचा फोटो घेऊन बनवलेल्या धातूच्या ठशासाठीचं) चित्र बहुधा छपाईपेक्षा मोठं, दीडपट-दुप्पट, काळ्या शाईत काढलेलं असतं. चुकलेल्या रेषांवर पांढरा रंग आणि मोजमापाच्या सूचना निळ्या पेन्सिलीत, कारण त्या काळच्या कॅमेऱ्यात निळी रेघ उमटत नसे. ताम्रपटासाठी किंवा लाकडी ठोकळ्यासाठीचं ट्रेसिंग उलटी अक्षरं दाखवत असेल तर ते प्रत्यक्ष ताम्रपटावर किंवा ठोकळ्यावर उतरवण्यासाठी होतं, म्हणून ते टाकू नका.

आराखडे प्लेटपासून वेगळे, आम्लमुक्त फोल्डरमध्ये ठेवावेत. पेन्सिलीचं काम आणि सुटू लागलेला पांढरा रंग असलेले आराखडे पॉलिएस्टरच्या पाकिटात घालू नयेत, त्याची स्थिरविद्युत भुकटी ओढून घेते. चिकटपट्टी कुठेच नको, लटकवायला जपानी कागदाचे बिजागर आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पुरते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ती वेळोवेळी तापवून कोरडी करा. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी येते.