बेचाळीस कोर्सचा हिशेब

शिकागोत डिसेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. शेवटच्या तासाला खिडकीबाहेर उजेड असतो, तास संपून जॅकेटची चेन लावेपर्यंत काळोख. मग सगळे निमूटपणे लायब्ररीच्या दिशेने चालायला लागतात. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोतलं माझं हे दुसरं वर्ष, आणि ऑटम क्वार्टरची अखेर चालू आहे. घरून फोन आला की पहिला प्रश्न, "जेवलीस का?" दुसरा, "परीक्षा अजून चालूच?"

चालूच. इथे सेमिस्टर नाही, क्वार्टर असतं. साधारण नऊ आठवडे शिकवणं, दोनेक दिवस अभ्यासाची सुट्टी, की लगेच फायनल. मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतात आणि कोणत्या ना कोणत्या विषयाची मिडटर्म आठव्या आठवड्यापर्यंत चालू असते. शिवाय दर आठवड्याला पी-सेट, म्हणजे गणितं सोडवून द्यायची. सहा गणितं ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्यातलं एकेक शनिवारची अख्खी संध्याकाळ खातं. आपल्याकडे गणपती ते दिवाळी ढिलाई करून नंतर पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, भरून काढता येतं. इथे एक आठवडा तापात गेला तर नववा हिस्सा गेला!

आमची रेगेनस्टाइन लायब्ररी जुन्या स्टॅग फील्डच्या जागेवर उभी आहे. त्याच मैदानाच्या प्रेक्षक-सज्जांखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. शेजारीच हेन्री मूरचं शिल्प आहे, मोठ्या कवटीसारखं दिसणारं. ती तारीख दरवर्षी नेमकी फायनलच्या तोंडावर येते, त्यामुळे त्यावरचे विनोदही ठरलेले.

पण सध्या मला परीक्षेपेक्षा जास्त छळतोय तो पुढच्या सत्राचा प्रश्न. विंटर क्वार्टरला काय घ्यायचं?

पदवीला ४२ कोर्स लागतात. चार वर्षांची बारा क्वार्टर, म्हणजे सरासरी साडेतीन. अर्धा कोर्स कोणी देत नाही, म्हणून कधी तीन, कधी चार. त्यातले पंधरा 'कोअर'चे. गणितवाला असो की नाटकवाला, थोडं साहित्य, थोडी कला, विज्ञान, सामाजिक शास्त्रं सगळ्यांना करावंच लागतं. उरलेल्यांत मेजर, म्हणजे मुख्य विषय, आणि मनाला येईल ते. दहावीच्या मार्कांवरून सायन्सला गेलेल्या आणि मग पीसीएम की पीसीबी एवढाच निर्णय घेतलेल्या माझ्यासारखीला ही मोकळीक पहिल्या वर्षी चक्क भीतीदायक वाटली. माझा चुलतभाऊ साताऱ्यात बीएस्सी करतोय. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता त्यालाही मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह वगैरे आहे. "यादी मोठी आहे गं," तो म्हणतो, "पण ज्या विषयाला सर आहेत तोच ओपन."

माझी यादी अशी: गणितातलं रिअल ॲनालिसिस घ्यावंच लागणार, अर्थशास्त्राचा पुढचा पेपरही. तिसरा कोअरमधला 'सिव्ह', म्हणजे कोणत्या तरी एका संस्कृतीचा इतिहास. रोम, इस्लामी जग, लॅटिन अमेरिका, पूर्व आशिया असे बरेच पर्याय आहेत. त्यात दक्षिण आशियाही आहे, आणि माझं मन तिकडे ओढ घेतंय.

आईला हे सांगितलं तर ती दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "म्हणजे एवढे पैसे भरून तिकडे जाऊन इकडचंच शिकणार?" मैत्रिणीही सुचवतात की तुला सोपं जाईल, घेऊन टाक. सोपं जाईल याची मला मुळीच खात्री नाही. शिवाजी महाराज आणि पेशवाई सोडली, तर दख्खनबद्दल मला परीक्षेपुरतंच ठाऊक आहे. बहमनी सुलतानांच्या पाच शाह्या झाल्या हे पाठ. त्या दरबारांत कोण काय बोलत होतं, महसुलाचे कागद कोणत्या भाषेत लिहिले जात होते, हे कधी विचारलंच नाही.

त्यात गेल्या आठवड्यात पी-सेटला कंटाळून लायब्ररीत भटकत होते, तेव्हा मराठी पुस्तकांच्या रांगाच्या रांगा समोर आल्या. कादंबऱ्या, संतवाङ्मय, कधीच बंद पडलेली नियतकालिकं. त्यांच्यामागची गोष्ट भारी आहे. पीएल ४८० या कायद्याखाली अमेरिकेने भारताला जो गहू दिला, त्याची किंमत रुपयांत जमा होत असे. त्यातल्या काही पैशांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवू लागलं. शिकागो त्यातलंच एक. आजीला फोनवर सांगितलं, तर तिला पुस्तकांपेक्षा गहू आठवला. "रेशनचा तो लाल गहू? त्याच्या पोळ्या कशा व्हायच्या विचारू नकोस!"

मराठीतला कुठला शब्द अडला की आपण जो मोल्सवर्थचा कोश इंटरनेटवर उघडतो, १८५७च्या आवृत्तीचा, तोही याच विद्यापीठाने ठेवलेला आहे. मी शाळेपासून तो वापरत होते, पत्ता कधी वाचला नव्हता. इथे मराठी शिकवतातही.

तर दक्षिण आशिया पक्कं. राहिला चौथ्या कोर्सचा प्रश्न. माझ्या सल्लागार बाईंचं मत, ॲनालिसिस असताना तीनच घे, झोप महत्त्वाची. मलाही पटलं होतं. रात्री नऊला बाबांना फोन लावला, तिकडे सकाळचे साडेआठ, ते बँकेत निघायच्या घाईत. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तीन घेतले काय नि चार घेतले काय, फी तेवढीच ना?"

तेवढीच, म्हटलं.

"मग चौथा का सोडायचा?"

अर्जात चौथा म्हणून खगोलशास्त्र टाकलंय. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सोडता येतं, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.